बंद दारापुढचं गाऱ्हाणं

देवाचा चांदीचा मुखवटा चोरून पळालेला भिवा शिमग्याला परतला, तो मागच्या दाराने घरात शिरला. चूल थंड होती. आईच्या फोटोला हार घातलेला होता.

बाहेर ढोल थांबले. घरोघर फिरणारी देवाची पालखी याही अंगणात आली होती. बंद दारापुढे म्हातारा मानकरी गाऱ्हाणं घालू लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरची म्हातारी मरेपर्यंत ह्याच मागत रवली. आता तिच्यासाठी मी मागतंय. तिचो झील भिवा वाट चुकलो, तेका घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

भिवाने दार उघडलं. पालखीतल्या देवाला पितळेचा मुखवटा होता. भिवा उंबऱ्यातच कोसळला.

मानकऱ्याने त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि पालखीकडे वळून तो म्हणाला, "तेच्या आवशीक, त्या म्हातारेक सांग म्हाराजा, झील इलो."