जाग्यावरची गाडी

बाजीरावतात्यांची गाडी चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा ते तिला कन्हेरीहून रखडत रखडत बारामतीला गुलजारच्या गॅरेजात घेऊन आले. गुलजारनं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, तर धूर बाहेर यायलाच तयार नाही. मग त्यानं पुढचा पाइप ढिला केला, तशी गाडी दावं सुटलेल्या बैलासारखी डुरकली.

"तात्या, धूर गाळायचा कन्व्हर्टर पार चोंदलाय. हिला लांब फिरवता का न्हाय?"

"रोज सकाळी तासभर चालू ठेवतो की."

"आन् जाता कुठं?"

"कुठंच न्हाय. फाटकातच हुबी असती."

"बॅटरीसाठी व्हय? आवो, जाग्यावर गुरगुरून तिला पुरता ताप येत न्हाय, मग काजळी धरती. नवा बसवतो, पर आठवड्यातनं एकदा इंदापूरपतूर पळवा."

तात्यांनी नजर चुकवली.

"इंदापुरात मला कोण वळखतंय? हितं फाटकात गाडी चालू दिसली, की येणारं-जाणारं थांबून इचारतं, 'तात्या, कुठं निघालात?' दिवसभरात माझ्याशी त्येवढंच बोलतं कुणीतरी."