बोलणाऱ्याची सही

साल बहात्तर. शब्दकोशाच्या कचेरीत ‘बेटर’ हा इंग्रजी शब्द चालला होता. ‘बेस्ट’ दोन दिवसांत उरकला, ‘बेटर’ मात्र हटून बसला होता. अधिक चांगला, सरस, वरचढ, अमुक केलेलं बरं, आजारातून उठत असलेला. पैज मारणारा तो आणखी वेगळा. एकेका अर्थाला एकेक कार्ड आणि कार्डावर एक मराठी वाक्य.

वाक्य मनाने रचायचं नाही, ही गुरुजींची शिस्त. गुरुजी म्हणजे मुख्य संपादक. वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं, उतरवून घ्यायचं, त्या माणसाला वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. मागे एकाने घरी बसून वाक्यं रचली होती. ‘असं मराठी कोण बोलतं हो?’ म्हणून वाचकांची पत्रं आली. तेव्हापासून सही.

टायपिस्टने ‘तू गप्प बसलेलं बरं’ हे वाक्य सासूकडून आणलं होतं. सासूने झोकात सही केली होती, वर तारीखही घातली होती.

“छापून आलं की म्हणणार, बघ, आता पुस्तकातसुद्धा लिहिलंय,” टायपिस्ट म्हणाली.

कार्डांची बाई हसली. ती खिडकीपाशी बसे, चौदा वर्षं तिथेच. मंगळवार-बुधवार तिने रजा घेतली होती. अर्जात ‘घरगुती काम’ लिहिलं होतं. मंगळवारी तिची आई गेली होती. घरात त्या दोघीच. शेजारची चार माणसं आली, ‘सुटली बिचारी’ म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या घरी गेली. कचेरीत तिने कुणाला सांगितलं नाही. इथेही कुणीतरी ‘सुटली’ म्हणालं असतं, आणि आई काही अडकलेली नव्हती.

तिच्या पुढ्यात आजारातून उठण्याच्या अर्थाचं कार्ड होतं. सोमवारी ती कामाला निघाली तेव्हा आई खाटेवरून म्हणाली होती, ‘कालच्यापेक्षा आज बरं आहे. जा तू.’ कचेरीत येऊन तिने ते आधी कार्डावर उतरवलं. घरी गेल्यावर सही घेऊ म्हणून कार्ड पर्समध्ये टाकलं. ती पोचली तेव्हा आईचा डोळा लागला होता. सहीसाठी कशाला उठवायचं, म्हणून तिने उठवलं नाही. सकाळी आई उठलीच नाही.

गुरुवारी दुपारी गुरुजी कार्डं तपासत तिच्या टेबलाशी आले.

“वाक्य छान आहे. सही कुठाय?”

“राहिली.”

“कोण बोललं?”

“आई.”

“मग घरचंच की काम! जाऊन या पटकन. या पानांचा फर्मा पाचला छापखान्यात जायचाय.”

“आज नाही जमायचं.”

“मग गाळू. नुसता अर्थ देऊ.” त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

“नको.”

चौदा वर्षांत ती गुरुजींना कशालाच नको म्हणाली नव्हती. टायपिस्टची बोटं थांबली.

“गाळू नका. एवढं राहू दे.”

“अहो बाई, नियम तो नियम. मी माझ्या बायकोचं वाक्य गाळलंय. सही मागितली तर म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही का? दोन दिवस घरात अबोला.”

“द्या ताई इकडे,” टायपिस्ट म्हणाली. “मी करते आईंच्या नावाने. डाव्या हाताने केली की अक्षर आपोआप म्हातारं येतं.”

“खबरदार!” गुरुजी म्हणाले.

आता सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. तोंडही उघडलं. पण पहिला शब्द कुठला घ्यावा ते तिला कळेना.

गुरुजींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “आईंना बरं नाही का?”

हे तिला तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं. ती कार्डाकडे बघत राहिली.

“कालच्यापेक्षा आज बरं आहे,” ती म्हणाली.

गुरुजींनी टेबलावर थाप मारली. “झालं की मग! आत्ता तुम्ही बोललात, मी ऐकलं, या टायपिस्टबाईंनी ऐकलं. वाक्य तुमचं. करा सही.”

तिने सही केली. फर्मा पाचला गेला.

शब्दकोश पंचाहत्तर साली निघाला. वाक्य त्यात होतं. बोलणाऱ्याचं नाव छापण्याची पद्धत नव्हती. टायपिस्ट नवऱ्याच्या बदलीबरोबर परगावी गेली. तिच्या सासूने आपल्या वाक्याच्या पानात खूण घालून ठेवली आणि येईल त्याला ते वाचायला लावलं, असं तिने पत्रात कळवलं होतं. कार्डांची बाई आणखी बारा वर्षं त्याच खिडकीपाशी बसली. गुरुजी अठ्ठ्याहत्तरला निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ती त्यांची पिशवी धरून जिन्यापर्यंत गेली. दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

“आईंना माझा नमस्कार सांगा हं.”

“सांगते,” ती म्हणाली.