घारमावशीची शिकवणी

चाळीस वर्षं समुद्रावर गस्त घालणारं ते विमान आता स्वतः बोलून नव्या तुकड्यांना शिकवायचं. सगळे त्याला घारमावशी म्हणत.

त्या दुपारी मालवणची एक होडी बेपत्ता होती.

"रडारवर काहीच नाही. माघारी वळूया," घारमावशी म्हणाली.

"मावशी, थांब," खिडकीशी बसलेली शिकाऊ निरीक्षक ऋजुता केणी म्हणाली. "डावीकडे पक्षी एकाच जागी घिरट्या घालतायत."

घारमावशी वळली. खाली उलटलेल्या होडीवर बसून तिघे कोळी शर्ट हलवत होते. ऋजुताने तराफा सोडला. तिघेही त्यावर चढले, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

घारमावशीने बचावनौकेला जागा कळवली आणि परतीचं वळण घेतलं. मग हसून म्हणाली, "आता परतताना तू शिकव, मी ऐकते."