विमानवाल्यांचं आडनाव

२०१९ साल. आम्ही दोघी जावा न्युरेम्बर्गला गेलो असताना माझ्या पुतण्याने, प्रसन्नने, आईला सांगितलं, "मी ऊर्मिला सुतारशी लग्न करतोय."

"सुतारांची मुलगी? इनामदारांच्या घरात?" त्याची आई, माझी धाकटी जाऊ सुरेखा, कडाडली. "त्यापेक्षा तुझ्या ऑफिसातली ती एमिली राइट आण. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचं आडनाव!"

"अगं, राइट म्हणजे विलायतेतले सुतारच," मी म्हणाले.

"ताई, गोऱ्यांचं वेगळं असतं!"

आमचा शूर प्रसन्न नुसता जर्मनमध्ये "आल्झो, आल्झो", म्हणजे "तर, तर" करत राहिला.

ऊर्मिलाने पुढे जर्मनीतल्याच गार्चिंगच्या विद्यापीठातल्या रुपेशशी लग्न केलं; सुखात आहे. प्रसन्नने एमिलीशी केलं आणि जर्मनीत चालतं म्हणून तिचंच आडनाव लावलं. सुरेखा पुण्यात नातवाचे फोटो सगळ्यांना दाखवते. पूर्ण नाव विचारलं, की नुसतं 'आरव' सांगते.