झबल्यावरचं नाव

सुनेला प्रसूतीसाठी आत नेलं. मुलानं पिशवी उघडली. बाप्तिस्म्याचं झबलं तिनं आम्हाला बघू दिलं नव्हतं. छातीवर निळ्या दोऱ्यानं नाव भरलं होतं: बेनओनी. “गोड आहे की, आई! बायबलमधलंच ना? अर्थ काय?” मी झबलं त्याच्या हातातून घेतलं. राहेलीनं बाळंतपणात प्राण सोडताना ठेवलेलं ते नाव. माझ्या दुःखाचा पुत्र. तो अध्याय प्रार्थनेत सुनेनंच वाचला होता. काल डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. बाहेर येऊन ती हसली, “काही नाही हो, आई.” मी कात्री काढून टाके उसवू लागले. “अगं, काय करतेस?” “बन्यामीन ठेवू. त्या बाळाच्या बापानंही नाव बदललं होतं.” दोरा निघाला, पण सुईच्या भोकांतून नाव वाचता येतच होतं. दारातून नर्स म्हणाली, “मुलगा झाला. कपडे द्या.” तिनं माझ्या मुलाची नजर चुकवली.