केल्डरबीचे केल्डरबी

“हा कोण नॉर्मन केल्डरबी?” रॉयने पाकीट फोडून आतलं ड्रायव्हिंग लायसन्स टेबलावर टाकलं. “आपल्या घरात या नावाचं कुणी राहत नाही.”

“मीच तो,” नॉर्मन म्हणाला. “नाव बदललंय.”

रॉय त्याचा थोरला भाऊ. त्याच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. “टकवेल नाव जड झालं तुला? बाप, आजा, पणजा, सगळे चर्चमागे या नावाच्या दगडाखाली झोपलेत. आणि नाव घेतलंस ते त्या फुकट्यांचं!”

गाव केल्डरबी, पण गावात केल्डरबी आडनावाचा माणूस औषधालाही मिळायचा नाही. गाव सोडून गेलेल्यालाच लोक गावावरून ओळखत. गावातल्या गावात कोण कुणाला गावाच्या नावाने हाक मारणार? असाच एक जण तीनशे वर्षांपूर्वी लंडनला जाऊन लोकरीच्या धंद्यात गब्बर झाला आणि मरताना ट्रस्ट नेमून आपल्या आडनावाच्या म्हाताऱ्यांसाठी गावात सहा घरांची फुकट सोय करून गेला. तेव्हापासून घरं गावात आणि राहणारे बाहेरचे. गावकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्या जळफळाट चालू होता.

चार नंबरमध्ये हेझल राहायची. नवऱ्याच्या आडनावावर लीड्सहून आलेली विधवा. नऊ वर्षांपूर्वी नॉर्मनने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती नियमाचं काहीतरी पुटपुटली. पुढच्या आठवड्यात तिने दाराशेजारी लावलेला ट्रस्टचा कागदच दाखवला, शिक्क्यासकट. केल्डरबी आडनाव नसलेल्या माणसाशी लग्न केल्यास घर रिकामं करावं लागेल.

तिला घेऊन जायला नॉर्मनकडे तरी कुठे घर होतं? बसवरची नोकरी संपल्यापासून तो रॉयच्या मागच्या खोलीत पडून होता. खोलीत त्याचा पलंग आणि रॉयचं गवत कापायचं यंत्र, दोघंच मावत. बाहेर पडायचं तर वहिनीच्या स्वयंपाकघरातूनच, आणि “कुठे निघालात भावोजी?” याचं उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. त्याचा जीव गुदमरायचा. आठवड्यातून एकदा हेझलकडे चहाला गेला की तेवढ्यापुरता मोकळा श्वास.

दर वसंतात तो विचारायचा. दर वसंतात ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणायची, “तुम्ही केल्डरबी असता ना नॉर्मन, तर आत्ता कोट चढवून लग्नाला निघाले असते मी!”

या वर्षी त्याने ते मनावर घेतलं.

“बरं,” रॉय म्हणाला, “ती खोली टकवेलला दिली होती. केल्डरबींनी आपली सोय बघावी. आजच.”

“अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा,” डोरीन वहिनी म्हणाली.

“होता,” रॉय म्हणाला आणि त्याने टोस्टला लोणी लावायला घेतलं.

नॉर्मनने एका बॅगेत कपडे भरले आणि तालुक्याची बस धरली. हेझलला त्याने अजून काही कळू दिलं नव्हतं. आधी ट्रस्टकडून पक्कं करून घ्यायचं आणि मग थेट अंगठीच पुढे करायची, असा त्याचा बेत होता.

ट्रस्टच्या कचेरीत मिस ऑलसॉप एकट्याच होत्या. लायसन्सवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा खुलला.

“केल्डरबी! तीन वर्षांत एकानेही अर्ज केला नाही हो. मूळचे कुठले तुम्ही?”

“केल्डरबीचाच.”

“केल्डरबीचे केल्डरबी! हे नवीनच ऐकते मी.” त्या हसल्या आणि त्याला पुढे बोलू न देता त्यांनी खिळ्यावरची एक किल्ली काढली. “पाच नंबर रिकामंच आहे. बॅग घेऊनच आलाय, तर आजच राहायला जा.”

“मला त्या लग्नाच्या नियमाबद्दल विचारायचं होतं,” नॉर्मन म्हणाला. “चार नंबरच्या दाराशी लावलाय तो.”

मिस ऑलसॉपनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“आता शेजारी होणार तुम्ही, म्हणून सांगते. असला नियम कधी नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी हेझलबाई इथे येऊन रडल्या. गावातला कुणी टकवेल मागे लागलाय, म्हणाल्या. माणूस भला आहे, पण नकोसा आहे, आणि तोंडावर नाही म्हणवत नाही. मग मीच तो कागद टाइप करून दिला, शिक्का मारून.”

त्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि मायेने त्याची मूठ मिटवली.

“तो टकवेल दाराशी घोटाळताना दिसला, तर तुम्हीच त्याला हाकलून द्या हं, मिस्टर केल्डरबी.”