तीन सेकंद

शालिनीआत्याला दिसत नव्हतं. तिचं सगळं वाचन कॉम्प्युटरवरचा मजकूर बोटाखाली उठवणाऱ्या ब्रेल यंत्राच्या ठिपक्यांवर चालायचं. नव्या कॉम्प्युटरला जोडल्यापासून मात्र यंत्र गप्प होतं. "भंगारात काढा," दुकानदार म्हणाला.

तिची भाची केतकी कॉम्प्युटरला यंत्रांशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायची. तिने या यंत्रासाठीही एक लिहिला, दहादा रीसेट केलं. "मेलंय गं, आत्या."

आत्याचं बोट ठिपक्यांवरच होतं. "नाही. रीसेटनंतर जरा वेळाने थरथरतंय. हे बघ, आत्ता!"

केतकीने मोजलं. यंत्राला जागं व्हायला तीन सेकंद लागत होते. ड्रायव्हर एका सेकंदातच नाद सोडत होता. तिने ड्रायव्हरला थांबायला लावलं आणि एक ओळ टाइप केली.

ठिपके उठले. आत्याने मोठ्याने वाचलं, "माझा ड्रायव्हर अडाणी, आत्याचं बोट हुशार."

तिने केतकीचा हात चाचपून धरला. "अडाणी नाही गं, उतावळा. तुझ्यासारखा."